जुन्या बॅटरीचं शिसं चुलीवर वितळवू नका : त्या व्हायरल मेसेजला उत्तर

खानापूर, जांबोटी, बैलूर साइडच्या बहुतेक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, सोबत व्हिडिओ पण आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गाडीची नाहीतर इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदाराला कवडीमोलानं देऊ नका, घरीच फोडा, प्लेटा काढा, चुलीवर कढईत वितळवा, सगळं शिसं निघतं, ॲसिड मातीत जिरतं, आणि त्या शिशाच्या मासे धरायच्या जाळ्याला लावायच्या गोळ्या ओता, ज्यांच्याकडं पीक राखायची ठासणीची बंदूक आहे त्यांनी छर्रे ओता, उरलेलं शिसं विका. शिसं ३२७ डिग्रीलाच वितळतं म्हणून वाफ होत नाही, वाफ नाही म्हणजे विष नाही, आजोबा पण हेच करत होते, आणि भीती वाटलीच तर वरनं गूळ खा.

माझं बॅटरीचंच दुकान आहे, त्यामुळं "तुला जुना माल पाहिजे म्हणून बोलूलास" असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू दे. रोज हात याच मालात असतो म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते वाफेचं. ३२७ हा आकडा बरोबर आहे, शिसं उकळायला १७०० डिग्रीच्या वर लागतात हे पण बरोबर. पण चुलीवरच्या कढईला थर्मामीटर कोण लावतंय? जाळ वाढवला, फुंकणी मारली की शिसं पाचशेच्या पुढं जायला वेळ लागत नाही आणि तिथनं पुढं धूर धरायला लागतो, त्याला धड वासही नसतो. तरी मी म्हणतो वाफ बाजूला ठेवा, कारण खरा घात भुकटी करते. वितळलेल्या शिशावर जी राखाडी साय येते, जी आपण पळीनं काढून बाजूला टाकतो, ती शिशाची ऑक्साईड. वाळली की पिठासारखी होते. ती हाताला लागते, त्याच हातानं तंबाखू मळली जाते, लुंगीला लागते आणि ती लुंगी घरातल्या सगळ्या कपड्यांबरोबर धुतली जाते.

आता "सगळं शिसं निघतं" हा दावा. हा तर सरळ सरळ खोटा आहे आणि मला वाटतं सगळं नुकसान इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बॅटरी फोडली की आत धातूची जाळी असते आणि तिच्यावर लेप असतो, प्लस बाजूचा चॉकलेटी, मायनस बाजूचा राखाडी. बॅटरीच्या वजनात साधारण ६० टक्के शिसं असतं हे खरं, पण त्यातलं निम्मं तरी या लेपात असतं, आणि जुन्या, उतरलेल्या बॅटरीत त्या लेपाचं बरंचसं सल्फेट झालेलं असतं. ते सल्फेट वितळायला हजाराच्या वर डिग्री लागतात. रिसायकलिंगच्या कारखान्यात बंद भट्टीत कोळसा-लोखंड घालून ते फोडून शिसं काढतात आणि धूर फिल्टरमधनं जातो. आपल्या चुलीवर फक्त जाळी आणि वरचे टर्मिनल वितळतात, लेप तसाच भुकटी होऊन कढईत राहतो.

त्या भुकटीचं काय होतं ते मी बघितलंय. आमच्याच भागातले एक मामा बॅटरी घ्यायला आले होते, जुनी कुठाय विचारलं तर म्हणाले फोडली. दहाही नखांत चॉकलेटी लेप भरलेला, हात धुऊन आलोय म्हणत होते. उरलेलं कुठं टाकलं म्हणून विचारलं तर "राखच की ती, परड्यात अळूच्या वाफ्यात टाकली". अळूच्या वाफ्यात! ती राख नव्हे, ते चाळलेलं शिसं आहे. नातवंडं तिथंच खेळतात, कोंबड्या तिथंच टोचतात.

ॲसिड मातीत जिरतं म्हणे. ॲसिड चुन्यानं मरेल, त्याच्याबरोबर गेलेलं शिसं मरत नाही, ते वरच्या वीतभर मातीत वर्षानुवर्षं बसून राहतं. पावसानं, झाडून, काही करून ते आपोआप संपत नाही.

छर्र्यांचं आता. एक तर पीक राखायला मिळालेला परवाना बंदूक बाळगायचा असतो, दारूगोळा बनवायचा नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्यात त्याला वेगळा परवाना लागतो, तो मेसेजवाला काही तुमच्याबरोबर पोलीस स्टेशनला येणार नाही. दुसरं, अमेरिकेत जिथं गोळ्या ओतणं हा लोकांचा उघड छंद आहे तिथले जाणते लोक चाकाला लावायची जुनी वजनं, नाहीतर नेमबाजीच्या मैदानातलं शिसं गोळा करून वापरतात, पण बॅटरीच्या प्लेटांना हात लावू नका असं नव्या माणसाला आधीच बजावतात. कारण आजच्या बॅटरीच्या जाळीत नुसतं शिसं नसतं, अँटिमनी असतं, आर्सेनिक असतं, मेंटेनन्स-फ्री म्हणजे पाणी घालायला न लागणाऱ्या बॅटरीत कॅल्शियम असतं. हे एकत्र वितळून त्याची जी मळी निघते तिला ओल लागली की आर्साईन आणि स्टिबाईन नावाचे वायू सुटू शकतात. आर्साईन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. ओलीसाठी पाणी ओतायलाच पाहिजे असं नाही, जांबोटीच्या पावसाळ्यात पडवीत ठेवलेली कुठली वस्तू कोरडी असते सांगा. शिवाय ओल्या साच्यात नाहीतर ओल्या पळीनं शिशाला हात घातला तर पाण्याची एकदम वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं ते वेगळंच.

आजोबा करत होते म्हणता. आजोबांच्या हातात बहुतेक जुन्या जाळ्याचं नाहीतर पाइपाचं शिसं होतं, आजची बॅटरी नव्हती. आणि आजोबांना काही झालं नाही हे कोणी तपासलं? मोठ्या माणसात शिसं बीपी वाढवतं, किडनी खराब करतं, पोट दुखतं, रक्त कमी होतं, म्हणजे जे आपण "वयानं झालं" म्हणून सोडून देतो तेच. पोरांचं तर बोलूच नका. गिळलेल्या शिशातलं मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट जास्त पोरांच्या अंगात जातं आणि ते मेंदूवर बसतं, अभ्यास, लक्ष, वागणं सगळ्यावर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. सेनेगलमध्ये डकारजवळ थियारोय-सुर-मेर म्हणून वस्ती आहे, तिथं बॅटऱ्या फोडायचे आणि त्या मातीतनं शिसं चाळून विकायचे, २००७-०८ मध्ये काही महिन्यांत १८ पोरं गेली. १८. तेही आपल्यासारखेच, चार पैसे सुटतील म्हणून करत होते.

आणि गूळ. बेळगाव जिल्ह्यात गुळाला नाव ठेवायची माझी हिंमत नाही, पण गुळानं शिसं निघत नाही. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला महिनाभर लागतो आणि हाडात गेलेलं तिथं वर्षानुवर्षं राहतं. पोटात लोह-कॅल्शियम बरं असेल तर शिसं जरा कमी शोषलं जातं हे खरं, म्हणून पोरांना नीट जेवण द्या, पण आत गेलेल्यावर औषध दवाखान्यातच आहे.

दुकानदार फसवतात हा राग मात्र मला मान्य आहे. काही लोक वजन न करताच भाव सांगतात. म्हणून बॅटरी काट्यावर ठेवून घ्या, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, नवीन घेताना जुनीचे पैसे बिलात लिहून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात टाकायची नाही, गोळा करणाऱ्या किंवा रिसायकलिंगवाल्यांच्या साखळीतच गेली पाहिजे. माझ्याकडंच आणा असं नाही, खानापुरात द्या, बेळगावात द्या, पण अख्खी द्या, ॲसिडसकट, उभी ठेवून.

आणि ज्यांनी आधीच वितळवलंय त्यांनी कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ते फडकं, कढई, पळी परत स्वयंपाकात घेऊ नका. भुकटी टाकली त्या जागी पोरांना, कोंबड्यांना जाऊ देऊ नका, तिथली भाजी खाऊ नका. घरात लहान पोरं किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घरात बॅटरीचं शिसं वितळवलं होतं आणि रक्तातल्या शिशाची टेस्ट लिहून घ्या, कारण हे सांगितलं नाही तर पोटदुखीला ॲसिडिटीची गोळी मिळते आणि तपास तिथंच थांबतो.