थांबू या म्हणण्याचा अधिकार

आम्ही दोघे नागपूरहून लेहपर्यंत स्वतःच्या गाडीने जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीचे लोक भेटले की रस्ता कसा आहे, खर्च किती येतो, गाडी कोणती हवी, हे आवर्जून विचारतात. नवरा-बायकोने इतका लांबचा प्रवास एकमेकांसोबत कसा निभावला, हे मात्र फार थोडे जण विचारतात आणि तेही हसण्यावारी नेतात. माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे. रस्त्याची माहिती आज कुणालाही मिळते. पण वाटेत कुठे थांबायचे, कधी मागे फिरायचे आणि हे ठरवायचे कुणी, याचे उत्तर प्रत्येक जोडप्याने निघण्यापूर्वी आपल्यापुरते शोधून ठेवायला हवे.

आमचा नियम एकच होता. दोघांपैकी कुणीही ‘थांबू या’ म्हटले की थांबायचे आणि त्याचे कारण विचारायचे नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण आपल्या घरांमध्ये ते रुजलेले नाही. गाडी चालवणाऱ्याने ‘आता थोडेच राहिले’ म्हणायचे आणि शेजारी बसलेलीने पाठ अवघडली, डोके चढले तरी ‘असू द्या’ म्हणायचे, अशीच आपल्याकडची रीत आहे. कारण द्यावे लागले की ते पुरेसे आहे की नाही, याचा निवाडा दुसरा करू लागतो आणि मग थकलेल्या माणसाला थकव्याबरोबर वकिलीही करावी लागते.

जबलपूर रोडने निघालो की राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. वन्यप्राण्यांना खालून ये-जा करता यावी म्हणून तिथे रस्ता उचलून बांधला आहे. पुढे सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर अशी वाट आहे. रस्ता चांगला असल्यामुळेच इथे मोह होतो. जूनमध्ये अंगाची लाही होत असताना वातानुकूलित गाडीतून उतरावेसेही वाटत नाही आणि आणखी शंभर किलोमीटर सहज होतील असे वाटत राहते. दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठायचा, हे आम्ही कटाक्षाने पाळले आणि स्टिअरिंग दर दोन तासांनी बदलत राहिलो. मी चालवू लागले की ढाब्यावरची मंडळी यांच्याकडे चौकशीच्या नजरेने पाहत; यांनी मात्र एकदाही ‘मी घेतो’ म्हटले नाही. हे मला फार मोलाचे वाटते.

आणखी एक गोष्ट लहान असली तरी सांगण्यासारखी आहे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, तिथे पोस्टपेड लागते. एकाचे असले तरी भागते, असे सगळे सांगत होते. आम्ही दोघांचेही करून घेतले, कारण अडचणीच्या वेळी जगाशी बोलण्याचे साधन एकाच्याच खिशात असावे, हे मला मान्य नव्हते. पैसे, गाडीची कागदपत्रे आणि औषधे यांचेही तसेच.

खरी कसोटी लागते ती उंचीवर. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. म्हणूनच जाताना आम्ही मनालीऐवजी श्रीनगरची वाट धरली. या वाटेने मुक्काम हळूहळू उंच होत जातात: श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, कारगिल २,७०० मीटरच्या आसपास. मनालीकडून निघालेल्यांना मात्र बऱ्याचदा दुसरीच रात्र ४,००० मीटरच्या वर काढावी लागते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. त्यामुळे कारगिलहून एका दमात लेह न गाठता आम्ही मध्ये अल्चीला राहिलो.

तरीही लेहला पोचल्यावर यांची तब्येत बिघडू लागली. हे स्वतः काही बोलले नाहीत. चहाचा कप हातात घेत आणि न पिताच खाली ठेवत. पोळी अर्ध्यावर टाकली. मी काही विचारले की उत्तर नीट येई, पण उशिरा येई. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात जायचे ठरले होते. मी म्हटले, “अहो, उद्या जायचे नाही.” “अगं, मला काहीही झालेले नाही,” हे म्हणाले, पण नियम आठवून लगेच गप्पही झाले. विरळ हवेचा त्रास ज्याला होतो, त्याला तो बहुधा शेवटी कळतो. कारण डोके दुखते तेच, आणि विचार करायचा तोही त्याच डोक्याने. अशा वेळी शेजारच्या माणसाचे डोळे जास्त खरे मानावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. आम्ही लेह सोडले नाही. डोकेदुखी पूर्ण थांबून यांची भूक परत आल्यावरच वर गेलो.

परतताना मनालीच्या वाटेवर मोरे मैदानात चाक पंक्चर झाले. साडेचार हजार मीटरपेक्षा जास्त उंची, चहूकडे सपाट माळ आणि तोंडावर बोचणारा वारा. चाक बदलायला मी नागपूरला कॉलनीतच शिकून घेतले होते. जॅक लावण्याआधी नट ढिले करायचे, हे पाठ होते. पण तिथे पान्यावर दोनदा जोर दिला की श्वास पुरत नसे. मग मी एक नट सैल करायचा आणि बसून राहायचे, तोवर यांनी दुसरा. निघालेले नट मातीत हरवू नयेत म्हणून डब्याच्या झाकणात ठेवले. मागून आलेल्या ट्रकवाल्याने थांबून विचारपूस केली, आमचे काम जवळजवळ झालेले पाहिले आणि हात हलवून तो पुढे गेला. त्या पाऊण तासात कुणी कुणाला घाई केली नाही.

लेहचा बेत करणाऱ्या जोडप्यांना माझे सांगणे आहे की आधी चिखलदऱ्याला जाऊन या. परतवाड्याच्या पुढचा घाट जाताना एकाने चालवा, येताना दुसऱ्याने, आणि शेजारी बसलेल्याने ब्रेकसाठी पाय दाबू नये. वाटेत एकदा मुद्दाम, काहीही कारण नसताना, ‘थांबू या’ म्हणून पाहा. गाडी लगेच बाजूला घेतली जाते की आधी ‘का?’ विचारले जाते, ते तिथेच कळेल. ‘का?’ विचारले गेले तर लेहची तारीख ठरवण्याआधी घरी बसून एकमेकांशी बोला.