यिर्मया २९:११ च्या आधीची दहा वचने

कुणाच्या घरी आजारपण आले, कुणाची नोकरी गेली, कुणी देवाघरी गेले, की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर बायबलमधले एक वचन हमखास येते, यिर्मया २९:११. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ मागे सूर्योदयाचे चित्र, खाली भराभर ‘आमेन’. मलाही हे वचन फार प्रिय आहे, आमच्या घरात ते भिंतीवर आहे. म्हणूनच कळकळीने सांगते, ते एकटे वाचू नका. आधीची दहा वचनेही वाचा.

हे एका पत्रातले वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, राजमाता, कारागीर, लोहार असे सगळे धरून बाबेलला नेले. त्यांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून हे पत्र धाडले. लोकांना एकच ऐकायचे होते, घरी कधी जाणार? त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू त्याने लोकांदेखत मोडून टाकले. आणि यिर्मया आधी काय म्हणाला? ‘आमेन, परमेश्वर असेच करो.’ त्याच्याही मनात तेच होते! इथे मी दर वेळी थांबते. पण देवाचा शब्द वेगळा होता. सत्तर वर्षे.

म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांच्या नशिबी आता घर नव्हते. त्यांनाच देव सांगतो, घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! एवढे सगळे सांगून झाल्यावर अकरावे वचन येते.

संकटात देव वाट दाखवतो ती मला बहुधा अशीच दिसली आहे. शेवट काय होणार ते कळत नाही, आज काय करायचे ते कळते. आमच्या मंडळीतल्या एका ताईंच्या यजमानांचे डायलिसिस चालू होते. येणारे जाणारे सगळे ‘विश्वास ठेवा, बरे होतील’ म्हणून जायचे. एक मावशी मात्र डायलिसिसच्या दिवशी धाकट्याला शाळेतून आणायच्या, भाकरी थापून ठेवायच्या आणि निघताना ताईंच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, ‘प्रभू, आजची रात्र हिला झोप दे.’ यजमान गेले. ताईंना त्या दिवसांतले उपदेश आठवत नाहीत, ही प्रार्थना आठवते.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, पदरी तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर विधवा-मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून पुण्याजवळच्या केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या, आणि त्याच जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम बाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या.

मुक्ती उभी राहावी म्हणून देवाने रमाबाईंचे आईबाप उपाशी मारले, असे कुणी म्हटले तर मी ते मानणार नाही. माझा देव असा नाही. दुष्काळ दुष्काळच होता. त्यातून चालताना देवाने त्यांचा हात सोडला नाही, एवढीच माझी श्रद्धा आहे आणि मला ती पुरते.

म्हणून ज्याच्या घरी काल मयत झाली त्याला आज ‘देवाची योजना’ समजावू नका. त्याला रडू द्या, देवाशी भांडू द्या. ८८ वे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर खुद्द प्रभूने विचारले, ‘तू माझा त्याग का केलास?’

तुमच्यापैकी कुणाचे असे लांबलेले वर्ष चालू असेल तर इनबॉक्समध्ये नुसते नाव पाठवा, कारण सांगायची गरज नाही. आज रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते नाव घेऊ. आणि इथे नगर शहरात, दवाखान्यात कुणाजवळ बसून असाल, तर वॉर्ड कळवा, डबा घेऊन येते.