तात्या, मिलो तुम्ही एकट्यानं खाल्ली नव्हती

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जुंपली. पुतण्यानं लिहिलं, दुसरा बोअरही कोरडा गेला, सोयाबीनला भाव नाही, रात्री झोप लागत नाही. तात्यांचं उत्तर तयारच होतं : "आम्ही ७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाऊन खडी फोडली. तुमच्या हातात मोबाइल, दारात गाडी. कसलं टेन्शन रे तुम्हाला?" केज तालुक्यातले निम्मे नातेवाईक लाइकचे अंगठे टाकून मोकळे झाले.

७२ चे हाल खोटे नव्हते. अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी, थापताना चिरणारी भाकरी, उन्हात पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाया, लेकरांच्या ओंजळीत सुकडी. ते दिवस परत यावेत असं म्हणणारा वेडाच. पण तेव्हा अख्खं गाव खडीवर होतं, पाटलाच्या घरचेसुद्धा. उपाशी माणसाला 'तुझंच नियोजन चुकलं' असं कुणी म्हणत नव्हतं. सरकारनं कामं काढली, पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

मी राहतो त्या जर्मनीतल्या कोलोनमध्येही असे तात्या आहेत. शेजारच्या नव्वदीतल्या आजी महायुद्धानंतरचा १९४६-४७ चा हिवाळा सांगतात आणि आजची पोरं नाजूक झाली म्हणतात. (म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच.) बॉम्बनी शहर भुईसपाट झालेलं, लोक मालगाड्यांवरून कोळसा पळवत. ३१ डिसेंबर १९४६ ला इथले आर्चबिशप फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगून टाकलं, कष्ट करून किंवा मागून मिळत नसेल तर जगण्यापुरतं घ्यायला हरकत नाही. आजी हे हसत सांगतात. चोरीचीही लाज नव्हती, कारण सगळेच त्यात होते.

पुतण्याचं तसं नाही. सातशे फुटांवर मशीन नुसती भुकटी फेकत होती आणि फुटाफुटाचा हिशेब त्याच्या नावावर चढत होता. बांधापलीकडच्या बोअरला मात्र पाणी. उद्या माझी नोकरी गेली तर इथं वर्षभर पगाराच्या साठ टक्के भत्ता मिळेल, आणि कुणी मला माझा मोबाइल दाखवणार नाही.

मोबाइलचं म्हणाल तर, मागं अतिवृष्टीत पीक गेलं तेव्हा विम्यासाठी ७२ तासांत ॲपवर कळवायचं होतं. पोरगं गुडघाभर चिखलात रेंज शोधत फिरत होतं, तात्या.