वीरगळ रंगवू नका, हलवू नका : एका व्हायरल मजकुराला मुद्देसूद उत्तर

वीरगळ म्हणजे लढताना मरण आलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेला कोरीव दगड. त्याविषयी गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो. त्याचा आशय असा : गावात पडलेले वीरगळ म्हणजे शिवरायांच्या मावळ्यांच्या समाध्या. ते उचलून मंदिरापुढे आणा, ॲसिडने धुवा, अक्षरं असतील तर पीठ भरून फोटो काढा, ऑइलपेंट द्या, सिमेंटच्या चौथऱ्यात पक्के बसवा. दगड पुरातत्त्व खात्याच्या यादीत नसेल तर कुणाला विचारायची गरज नाही. यामागची तळमळ खरी आहे, हे आम्ही मनापासून मानतो. पण यातली जवळजवळ प्रत्येक कृती दगडावरचा इतिहास पुसून टाकते.

‘सगळे वीरगळ मावळ्यांचे.’ नाही. महाराष्ट्रातले बरेच वीरगळ शिलाहार-यादव काळातले आहेत, म्हणजे शिवजन्माच्या (१६३०) तीन-चारशे वर्षं किंवा त्याहूनही आधीचे. प्रथा पुढेही चालू राहिली, त्यामुळे एखादा शिवकाळातला असू शकतो; पण ते दगड बघून ठरवायचं असतं. शिवाय वीरगळ हे स्मारक आहे. त्याखाली देह पुरलेला असतोच असं नाही.

वीरगळ खालून वर वाचतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर असतो. तिथे गाई कोरलेल्या असतील तर गोधन वाचवताना मरण आलं असं समजायचं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. मुंबईत बोरिवलीच्या एकसर इथल्या वीरगळांवर तर जहाजांच्या रांगा आणि समुद्रावरची लढाई आहे. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्रीचा समागम कोरलेली शिळा गधेगाळ : दान मोडणाऱ्याला दिलेला शाप. गधेगाळी ओशाळवाण्या वाटून लोक त्या पालथ्या घालतात किंवा पुरतात, आणि त्यांच्यावरच शिलालेख असण्याची शक्यता जास्त असते. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर मात्र नाव-गाव कोरलेलं नाही. म्हणून शस्त्रं, केशरचना, वस्त्रं हाच काय तो पुरावा.

‘ॲसिडने दगड उजळतो.’ उजळतो, कारण वरचा थर जातो. बेसाल्टच्या (आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या) पोकळ्यांत कॅल्साइट हे चुन्याचं खनिज असेल तर ॲसिड ते खातं, दगडातलं लोह गंजाचे डाग सोडतं आणि मागे क्षार राहतात. तारेचा ब्रश आणि प्रेशरचं पाणी नाकडोळे झिजवतात. पांढरट-हिरवं दगडफूल घासलं की त्याच्यासोबत दगडाचे कणही निघतात. ते राहू द्या. माती काढायची तर मऊ, कोरडा ब्रश आणि बांबूची काडी पुरते. आधी बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर पापुद्रा सुटलेला आहे, तिथे हात लावायचा नाही. दगड घट्ट असेल तरच थोडं साधं पाणी.

‘पीठ भरलं की अक्षरं स्पष्ट दिसतात.’ दिसतं ते भरणाऱ्याने ठरवलेलं अक्षर. झिजेची रेघ आणि कोरलेली रेघ यांत फरक करायच्या आधीच तो निर्णय होऊन जातो, आणि पुढचा वाचक तो फोटो पाहून फसतो. पिठाला मुंग्या आणि बुरशी लागते, खडू बारीक छिद्रांत अडकून बसतो. खरा उपाय तिरपा उजेड. सकाळ-संध्याकाळचं ऊन घ्या किंवा अंधारात टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. एका दिशेने न दिसलेली वेलांटी दुसऱ्या दिशेने उठून येते. कॅमेरा दगडाला काटकोनात, शेजारी मोजपट्टी. कडा आणि पाठ विसरू नका, अक्षरं तिथेही असतात. कागदाचा ठसा घेणं शिकलेल्या हाताचं काम आहे.

‘रंगाने दगड टिकतो.’ ऑइलपेंटचा पडदा पाणी अडवतो, पण बाहेरून. जमिनीतली ओल दगडात चढतच राहते. ती रंगामागे कोंडते, क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाबरोबर दगडाची कपची सुटते. त्याआधी बारीक कोरीवकाम बुजतं ते वेगळंच. शेंदराचं पूजेतलं कवच असेल तर ते खरवडू नका. तो श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि छिन्नी लावली की शिल्पही जातं.

‘मंदिरापुढे आणून सिमेंटमध्ये बसवा.’ यात सर्वांत मोठं नुकसान आहे. दगड शिवेवर आहे की तळ्याकाठी, एकटा आहे की रांगेत, तोंड कुठे आहे, यावरून तो का उभारला याचा अंदाज बांधता येतो. हलवला की तो धागा कायमचा तुटतो. दीड मीटर उंच, ४५ सेंमी रुंद, २५ सेंमी जाड बेसाल्टचा वीरगळ सुमारे ४९० किलो भरतो. जेसीबीची साखळी कडा फोडते, आणि दोन टोकांना धरून उचललं तर आधीची बारीक चीर मधोमध उघडते. चौथऱ्यात २०–३० सेंमी गाडला की लढाईची चौकटच सिमेंटखाली जाते.

रस्ता रुंदीकरणासारखं खरंच अपरिहार्य कारण असेल तर आधी जागेवरचे फोटो, जीपीएस, दिशा, मापं यांची नोंद करा. मग ग्रामपंचायतीचा ठराव करून तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवा. उचलताना रुंद कापडी पट्टे, लाकडी ठोकळे. उभा करताना खाली वाळू-खडी.

‘यादीत नाही म्हणजे परवानगी नको.’ शंभर वर्षांहून जुनी शिल्पं आणि शिलालेख १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दगड केंद्राच्या संरक्षित स्मारकात असेल तर त्याला इजा केल्यास १९५८ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याभोवती १०० मीटरपर्यंत नवा चौथरासुद्धा बांधता येत नाही.

वीरगळ आधीच रंगवला असेल तर थिनर किंवा ब्लेड घेऊन बसू नका. नवा हात देणं थांबवा, रंगवण्याआधीचे फोटो गावात कुणाकडे आहेत का ते शोधून जपून ठेवा आणि संचालनालयाला कळवा. रसायनतज्ज्ञ आधी एखाद्या कोपऱ्यात, दोन-तीन सेंमीच्या तुकड्यावर चाचणी घेतात आणि मगच पुढे जातात.