कडेचा फुटबॉल अंड्यासारखा का दिसतो

आमच्या कोल्हापुरातल्या गेमिंग ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘माणसाला दोन्ही डोळ्यांनी 180 अंश दिसतं. म्हणून एफओव्ही 120 वर टाका, एकदम खऱ्यासारखं दिसेल. कडा ताणल्या तर तो गेमचा बग किंवा फिशआय इफेक्ट. कर्व्ड मॉनिटर घ्या, विषय संपला.’ खाली पन्नास जणांनी ‘विषय हार्ड’ म्हणून अंगठे दिलेत. एफओव्ही म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू: स्क्रीनवर आडवं किती अंशांचं जग दाखवायचं, ती गेममधली सेटिंग.

180 अंश दिसतं, हे खरं. पण ते डोळ्याभोवतीच्या जगातलं. मॉनिटर ही त्या जगाची एक खिडकी, आणि ती केवढी आहे हे टेपनं मोजता येतं. राजारामपुरीत आम्ही बसतो त्या कॅफेत मी मोजलं (मालकाला वाटलं, टेबल विकत घेतोय). 24 इंची स्क्रीन, रुंदी 53 सेंटिमीटर, माझं नाक 60 सेंटिमीटरवर. हिशेब केला की कोन येतो जेमतेम 48 अंश. या खिडकीत तुम्ही 120 अंशांचं जग कोंबताय. मग ते खऱ्यासारखं कसं दिसणार?

आता बगचं बघू. डोळ्यापासून वस्तूपर्यंत दोरी ताणायची, मधल्या काचेला ती जिथं टेकेल तिथं ठिपका द्यायचा, अशी गेमची चित्र काढायची रीत. समोरच्या वस्तूची दोरी काचेतून सरळ जाते, कडेची तिरकी. तिरकी गेली की ठसा लांबट उमटतो, संध्याकाळची सावली लांबते तसा. 120 वर अगदी कडेला पडलेला फुटबॉल उंचीच्या दुप्पट रुंद दिसतो. पेठेतल्या फुटबॉलवेड्या पोरांना हे कसं खपायचं!

पण हेच चित्र 15 सेंटिमीटरवरून बघा. एक डोळा झाका, दुसरा स्क्रीनच्या बरोबर मध्यासमोर आणा आणि मान न हलवता बुबुळ तेवढं कडेला फिरवा. फुटबॉल गोल होतो. मी कॅफेतच करून बघितलं. शेजारचं पोरगं म्हणालं, “काका, चष्मा विसरलाय काय?” तिथून गोल दिसतो म्हणजे गेमचा हिशेब बरोबर आहे. ते चित्र 15 सेंटिमीटरवरच्या डोळ्यासाठी काढलंय आणि आपण बसतोय 60 वर.

फिशआयचं तर उलटंच आहे. फिशआय म्हणजे खूप रुंद दाखवणारं फुगीर भिंग; त्यात भिंतीची कड वाकते आणि चेंडू बऱ्यापैकी गोल राहतो. गेममध्ये कड सरळ राहते, भुर्दंड चेंडूला. ग्राफिक्स कार्ड त्रिकोणाचे तीन कोपरे तेवढे मांडतं आणि मधली जागा सरळ रेषांत भरतं. रेषा वाकवायच्या तर वेगळा खटाटोप लागतो. मोबाइलचा 0.5 वाला कॅमेराही फोटोतल्या रेषा सरळ करून देतो, म्हणून रंकाळ्यावरच्या ग्रुप फोटोत कडेला उभा राहिलेला भाऊ हमखास जाडा दिसतो. तिथं कुणी मोबाइलला बग म्हणत नाही, भावालाच जेवण कमी करायला सांगतात.

कर्व्ड मॉनिटर घेतला तरी गेम चित्र सपाट काचेचंच काढतो. तीन मॉनिटर मांडून प्रत्येकासाठी वेगळं चित्र काढणारे रेसिंग सिम्युलेटर आहेत, तिथं मात्र खरोखर फरक पडतो.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट तोट्याची. 90 वरून 120 वर गेलात की मध्यभागी 100 पिक्सेल उंच दिसणारा शत्रू 58 पिक्सेलचा होतो. कडेला जग ताणलं जातं आणि नेम धरायचा तिथं आकसतं. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये तर एफओव्ही सगळ्यांना 103 वरच बांधून दिलाय, वाढवायची सोयच नाही.

म्हणून एफओव्ही 60 अंशांवर ठेवा असंही नाही. लांबच्या टीव्हीवर ते चालतं, टेबलावर काहींना गरगरतं. मी 100 ठेवतो. कडेचा फुटबॉल थोडा अंड्यासारखा दिसतो, दिसू दे; बाजूनं घुसणारा गडी वेळेत दिसतो.