‘कमी झोपा’ असं स्पीलमन यांनी सांगितलं नव्हतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. निद्रानाशावर अंथरुणातला वेळ कमी करण्याचा उपाय मांडणाऱ्या आर्थर स्पीलमन यांच्यावरच्या लेखाला तुम्ही दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेचा गाभा असा: ‘न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक, डॉक्टर नव्हे. झोप न येणाऱ्याला कमी झोप म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला उपास सांगणं. अभ्यास १९८७चा, रुग्ण अवघे ३५. मी दहा दिवस रात्री १२ ते पहाटे ५ हे वेळापत्रक पाळलं, दुपारची अर्धा तास वामकुक्षी आणि रविवारची भरपाई धरूनसुद्धा डोकं जडच. फायदा शून्य.’

सगळ्यात आधी, जिथे तुमचं बरोबर आहे ते. हा उपाय कोणी करू नये, हे मूळ लेखात यायलाच हवं होतं. बायपोलर आजार असेल तर झोप तोडल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. अपस्मार असेल तर फिट येऊ शकते. झोपेत चालण्याची सवय असेल तर ती बळावते. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर आधी त्याची तपासणी, मग बाकीचं. ट्रक, बस किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय याच्या वाटेला जाऊ नये, कारण पहिल्या काही आठवड्यांत दिवसा खरोखरच पेंग येते आणि सावधपणा कमी होतो. तुमचं जड डोकं खोटं नव्हतं.

पण ‘कमी झोप’ असं स्पीलमन यांनी कधी सांगितलं नाही. सॅस्किन आणि थॉर्पी या सहकाऱ्यांसोबतच्या १९८७च्या त्या निबंधाच्या शीर्षकातच अंथरुणातल्या वेळेवर बंधन घाला असं आहे. साडेआठ तास पडून साडेपाच तास झोपणाऱ्याचे तळमळीचे तीन तास तेवढे काढून घ्यायचे. तुमचीच उपमा घेतो: दिवसभर तोंड चालू असलं की पानावर बसल्यावर भूक नसते. झोपेचंही तसंच. जागेपणी साचत जाणारा झोपेचा दाब लवकर आडवं होऊन, उशिरा उठून, मध्येच डुलकी काढून आपण थोडा थोडा सोडून देतो, आणि रात्री तो पुरत नाही.

‘डॉक्टर नव्हे’ हा आक्षेप मला पटत नाही. जुनाट निद्रानाश टिकतो तो बऱ्याच अंशी वागण्यामुळे, आणि वागणं हा मानसशास्त्राचाच प्रांत. स्पीलमन यांनी त्याच सुमारास मांडलेलं तीन घटकांचं प्रारूप आज जगभर शिकवलं जातं: मूळची प्रवृत्ती, निमित्त आणि टिकवून धरणारं कारण. घरातलं आजारपण हे निमित्त. ते संपतं. पण त्या काळात लागलेली नऊ वाजताच अंथरूण गाठायची सवय उरते, आणि निमित्त विरल्यावरही निद्रानाश तिच्या आधाराने उभा राहतो. म्हणून उपचाराचा हात त्या तिसऱ्या घटकावर. विद्यार्थ्याला फळ्यावर दहा मिनिटांत समजावता येईल आणि त्यातून उपचारही निघेल, असं प्रारूप मांडणं हे शिक्षकाचं मोठं काम आहे असं मी मानतो.

अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे खरं. ते रुग्ण मात्र सरासरी १५ वर्षं निद्रानाश सोसलेले होते. पुढे इंग्लंडमध्ये ६४२ प्रौढांवर, साध्या दवाखान्यांतल्या परिचारिकांकरवी, हीच पद्धत तुलनागटासह तपासली गेली. २०२३ साली आलेला निष्कर्ष तिच्या बाजूने आहे.

आता तुमचे दहा दिवस. ‘१२ ते ५’ हा आकडा आला कुठून? तो ठोक घ्यायचा नसतो, वहीतून काढायचा असतो. सलग १४ दिवस, सकाळी उठल्यावर तासाभरात लिहायचं: किती वाजता आडवे झालात, झोप लागायला अंदाजे किती मिनिटं गेली, मध्ये एकूण किती वेळ जाग होती, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. रात्री घड्याळ पाहायचं नाही, अंदाज पुरतो.

समजा १० ते ६.३० असे साडेआठ तास अंथरुणात गेले आणि सरासरी झोप ५ तास २० मिनिटं झाली. म्हणजे कार्यक्षमता, अंथरुणातल्या वेळेत प्रत्यक्ष झोपेचा वाटा, सुमारे ६३ टक्के. आता उठायची वेळ आधी पक्की करा, समजा ६. तिथून मागे मोजा: आडवं व्हायचं १२.४० ला. मूळ पद्धतीत साडेचार तासांच्या खाली कोणालाच नेत नसत, आज बरेच जण पाचाच्या खाली जात नाहीत. मग पाच दिवसांच्या कार्यक्षमतेची सरासरी काढा. ९० टक्के किंवा जास्त, म्हणजे या ३२० मिनिटांपैकी निदान २८८ मिनिटं झोप, तर १५ मिनिटं आधी आडवं व्हा. ८५ ते ९० असेल तर आहे तेच ठेवा. ८५ च्या खाली गेली तर वेळ प्रत्यक्ष झोपेइतका कमी करा, पण पहिले दहा दिवस ही कपात करायची नाही.

म्हणजे ज्या दहा दिवसांत शरीर फक्त दाब साचवत असतं, तेवढेच सोसून तुम्ही सोडलंत. मूळ उपचार आठ आठवड्यांचा होता. शिवाय खरी झोप सहा तासांची असेल तर पाच तासांची चौकट विनाकारण कठोर ठरते, ते जडपण त्यामुळेही असू शकेल. वामकुक्षीने दुपारी दाब सोडला. आणि रविवारी नऊपर्यंत झोपलं की त्याच रात्री १२ ला झोप येणार तरी कशी? उठायची वेळ सातही दिवस एकच, बाकी सगळं तिच्यावर टेकलेलं. संध्याकाळी खुर्चीत बातम्या बघता बघता डोळा लागतो, तोही यात मोजावा लागतो.

पुन्हा करणार असाल तर वहीपासून सुरुवात करा आणि ती घेऊन झोपेच्या तज्ज्ञाकडे जा. झोपेची गोळी चालू असेल तर ती या काळात आपल्या मनाने बंद करू नका: अचानक थांबवली की काही रात्री झोप उलट जास्त बिघडते, आणि मग वहीतला आकडा गोळीमुळे हलला की वेळापत्रकामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.