नव्या रेकॉर्डचा मूळ स्रोत कोणता?

रेकॉर्डविषयीच्या एका लेखात नव्याने निघणाऱ्या विनाइल रेकॉर्डना सरसकट ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’ म्हटले आहे, म्हणजे आवाज कुठेही आकड्यांत न बदलता थेट लहरींच्या रूपात उतरवलेल्या; ते पटत नाही. यांतल्या पुष्कळ आवृत्त्या मूळ फितीवरून नव्हे, तर डिजिटल मास्टरवरून (प्रती काढण्यासाठी तयार केलेल्या अंतिम डिजिटल ध्वनिमुद्रणावरून) काढलेल्या असतात. तेव्हा सीडी आणि रेकॉर्ड यांत जाणवणारा फरक माध्यमाचा कमी आणि मास्टरिंगचा, म्हणजे ते अंतिम ध्वनिमुद्रण तयार करण्याच्या पद्धतीचा, अधिक असतो. वेष्टनावर याचा उल्लेख बहुधा नसतोच, किंमत मात्र सणसणीत असते.

एल.पी.चे, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेत दीर्घकाळ वाजणाऱ्या रेकॉर्डचे, ऋण अर्थातच मोठे आहे. आम्हां इंदूरकरांच्या जिव्हाळ्याचे गायक उस्ताद अमीर खाँ यांचा झुमरा तालातला अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीचा, ख्याल ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या तीन-चार मिनिटांत मावणे शक्यच नव्हते. मारवा आणि दरबारी हे त्यांचे राग घराघरांत विस्ताराने ऐकता आले ते ३३⅓ फेऱ्यांमुळे. पण सुई आत सरकत जाते तशी तिच्याखालून जाणाऱ्या खाचेची गती घटते, अखेरीस निम्म्याहूनही कमी होते आणि वरच्या पट्टीतले बारकावे धूसर होतात, तेही नेमके शेवटच्या द्रुत (जलद) ताना सुरू असताना. सीडीत हा दोष संभवत नाही.

अलीकडे घेतलेल्या ख्यालाच्या एका नव्या आवृत्तीचे मधले छिद्र किंचित सरकलेले निघाले. चित्रपटगीतात ते कदाचित खपून गेले असते. येथे तंबोरा प्रत्येक फेरीला डुलतो आणि षड्ज (सा) जागेवर राहत नाही. दुकानदाराने ती बदलून दिली, परंतु दुसरी प्रतही तशीच निघाली. त्यामुळे हल्ली मी सुस्थितीतली जुनी प्रत मिळाली तरच रेकॉर्ड घेतो, एरवी सीडीच लावतो.